होळीच्या आधीची रानफेरी

(समुदाय रेडिओवरून झालेलं भाषण)



आज मी तुम्हाला एक साधी गोष्ट करायला सांगणार आहे. फाल्गुनातल्या एखाद्या सकाळी, गटातल्या दहा-बाराजणींनी मिळून आपल्याच शिवारात, आपल्याच डोंगराच्या पायथ्याला फिरायला जायचं. मोळी आणायची नाही, शेण गोळा करायचं नाही, गुरं वळायची नाहीत. नुसतं चालायचं, बघायचं आणि ऐकायचं.

तुमच्यातली एखादी लगेच म्हणेल, "ताई, आम्ही काय कमी चालतो का? पाण्याला, सरपणाला, शेताला चालतोच की रोज!" खरं आहे. पण त्या चालण्यात आपली मान कुठं असते ते आठवा. डोक्यावर हंडा किंवा मोळी असली, की मान ताठ ठेवावी लागते आणि नजर पायाखालच्या वाटेवर. वर बघितलं तर हंडा कलंडतो. वीस-वीस वर्षं ज्या झाडाखालून आपण जातो, त्या झाडाच्या शेंड्यावर कुणाचं घरटं आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. आपण रान पायांनी ओळखतो, डोळ्यांनी बघायला सवडच मिळत नाही. वर्षातली एक सकाळ मोकळ्या डोक्यानं आणि वर मान करून चाललो, तर तेच रान वेगळं दिसेल.

मी सांगणार आहे ते सह्याद्रीच्या पूर्व उताराकडचं रान. जुन्नर, मावळ, मुळशी, भोर, वाई या बाजूचं. पण यातली बरीचशी झाडं आणि पाखरं विदर्भ-मराठवाड्यातल्या मैत्रिणींनाही आपापल्या शिवारात भेटतील.

हेच दिवस का?

पंचांगात वसंत ऋतू म्हणजे चैत्र आणि वैशाख. पण झाडं पंचांगाची वाट बघत नाहीत. माघ सरता सरता रानात हालचाल सुरू होते, आणि फाल्गुनात ऐन भर असतो. गवत वाळलेलं, पानं झडलेली. आपण म्हणतो, रान भकास झालं. पण पाखरं बघायला हाच काळ चांगला, कारण पानांचा आडोसा नसतो. पावसाळ्यात पाखराचा नुसता आवाज येतो, आता ते फांदीवर बसलेलं दिसतं. फुलं याच दिवसांत, घरटी बांधायची लगबग याच दिवसांत, आणि उन्हाचा कडाकाही अजून पुरता आलेला नसतो.

झाडं बघू या

पहिला मान पळसाचा. 'पळसाला पानं तीनच' असं आपण म्हणतो. कुठंही जा, परिस्थिती तीच, असा त्याचा अर्थ. म्हण झाडाकडे नीट बघूनच झालेली आहे, कारण पळसाच्या एका देठाला तीन पानं असतात. या दिवसांत मात्र त्याच्यावर एकही पान सापडायचं नाही. सगळं झाड केशरी फुलांनी भरलेलं.

फुलायच्या वेळी झाड पानं का टाकून देतं? पानांतून झाडाचं पाणी उडून जात असतं. जमीन कोरडी पडायला लागली, की झाड आपला खर्च कमी करतं आणि पानं गाळतं. आपण उन्हाळ्यात घरखर्चाला हात आखडता घेतो, तसंच. याचा आणखी एक फायदा होतो. पानं नसली की फुलं लांबून दिसतात आणि गिऱ्हाईक आपसूक येतं. पळसाच्या झाडाखाली पाच मिनिटं उभ्या राहा आणि कोण कोण येतं ते मोजा. साळुंक्या येतील, कोतवाल येईल, इवलासा चमकदार शिंजीर येईल, खारही येईल. सगळे मध प्यायला येतात आणि जाताना डोक्याला, चोचीला पराग लावून दुसऱ्या फुलाकडे जातात. त्यातून फळ धरतं.

पळस आपल्या घरातलंही झाड आहे. पत्रावळ त्याच्या पानांची, आणि कमरकस म्हणून जो लाल डिंक मिळतो तोही त्याचाच. रंगपंचमीचा रंगही त्याच्या फुलांचा. झाडाखाली पडलेली फुलं गोळा करा, गरम पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी छान केशरी पाणी तयार. फांद्या तोडायची गरज नाही. झाड रोज सडा घालतंच आहे. बंगालमध्ये १७५७ साली जिथं प्लासीची लढाई झाली, त्या पलाशी गावाचं नावही पळसावरूनच पडलेलं आहे.

दुसरी काटेसावर. उंच सरळ खोड, आणि लाल, जाड पाकळ्यांची मोठी फुलं. कोवळ्या झाडाच्या खोडाला हात लावून बघा, पण जपून. मोठमोठे काटे असतात. खोड कोवळं असताना जनावरानं साल खाऊ नये म्हणून ही तजवीज. झाड मोठं झालं की बुंध्यावरचे काटे बरेचसे झिजून जातात. उन्हाळ्यात तिची बोंडं फुटतात आणि कापूस उडायला लागतो. उशीत भरतात ती हीच सावरी.

तिसरा पांगारा. त्याचीही फुलं लाल, पण गुच्छानं येणारी. पळस, सावर आणि पांगारा या तिघांची फुलं शेजारी शेजारी ठेवून मुलींना दाखवा. एकदा बघितलेली पोर आयुष्यभर चुकत नाही.

आता एक गंमत. डोंगराच्या कडेला लांबून एखादं झाड लालबुंद दिसेल. वाटेल, फुललंय. जवळ गेल्यावर कळेल की ती फुलं नाहीत, पालवी आहे. ते झाड कोशिंबाचं, काही ठिकाणी त्याला कुसुंब म्हणतात. पिंपळाची कोवळी पालवीही अशीच तांबूस असते. कोवळं पान नाजूक असतं. त्याला उन्हाचा चटका बसू नये म्हणून झाड त्यात लाल रंग भरतं. पान जून झालं की हिरवं होतं.

मग तुम्ही विचाराल, पाऊस तीन महिने लांब असताना ही झाडं पालवी कशी फोडतात? मोठ्या झाडाची मुळं खोल गेलेली असतात, खोडातही पाणी साठवलेलं असतं. त्या शिलकीवर ते पालवी काढतं. पावसाबरोबर अळ्या आणि किड्यांची फौज येते, तोवर ही पानं जून आणि चिवट झालेली असतात. ऊन-पाऊस एकदम आला तेव्हा झाड कामाला तयार.

नाशिक, ठाण्याच्या आदिवासी पट्ट्यात आणि विदर्भात याच दिवसांत मोहाची फुलं पडायला लागतात. तिथल्या बाया पहाटे उठून ती वेचतात. त्यांना ही फेरी नवी नाही. त्यांच्याकडून आपणच शिकायचं.

उंबराचं फूल

फार दिवसांनी दिसलेल्या माणसाला आपण म्हणतो, "तू काय उंबराचं फूल झालास का?" उंबराला फूल येतच नाही असं आपल्याला वाटतं. येतं, पण आत येतं. ज्याला आपण उंबराचं कच्चं फळ म्हणतो, ती खरं म्हणजे आतून बारीक फुलांनी भरलेली कुपी असते. तिला टोकाशी इवलंसं भोक असतं. एक चिमुकली माशी त्यातून आत शिरते, फुलांना पराग लावते आणि तिथंच अंडी घालते. उंबर फोडल्यावर आत किडे दिसतात आणि आपण ते फेकून देतो. पण तसल्या माशीशिवाय उंबराचं बी धरत नाही, आणि उंबराशिवाय ती माशी जगत नाही. वड आणि पिंपळाचंही असंच, प्रत्येकाची माशी वेगळी.

या माशीसाठी शिवारातलं कुठलं ना कुठलं उंबर वर्षभर फळत राहावं लागतं. त्यामुळं उन्हाळ्यात बाकी रान रिकामं असतं तेव्हाही वड, पिंपळ, उंबराची खानावळ चालू असते. वानरं, वटवाघळं, आणि आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल, सगळे तिथं जेवायला येतात. हरियाल म्हणजे हिरवट-पिवळं कबूतर, पाय पिवळेधमक. पानांत असं मिसळून जातं की थवा उडाल्याशिवाय कळत नाही. बांधावरचं एक उंबर तोडलं, तर किती जणांचं ताट ओढलं जातं, हे आता लक्षात येईल.

कान देऊन ऐका

दहा पावलं चाला आणि थांबा. सगळ्याजणींनी डोळे मिटा. दोन मिनिटं बोलायचं नाही. जितके वेगळे आवाज येतील तितकी बोटं मिटायची. पहिल्यांदा तीन-चार होतात. सवय झाली की दहा होतात.

'टुक टुक टुक', तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा आवाज येईल. तो तांबट. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका. तो वाळलेल्या फांदीला भोक पाडून घर करतो. म्हणून परसातल्या झाडाची प्रत्येक वाळकी फांदी सरपणाला तोडू नका. एखादी राहू द्या, कुणाचं तरी घर असतं.

कोकिळेचा आवाज सगळ्यांना माहीत. पण गाणारा असतो तो नर, काळाभोर, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची. ती अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात, आणि पिल्लं वाढवते बिचारी कावळीण. पुढं चैत्र-वैशाखात 'पेरते व्हा, पेरते व्हा' असं ओरडणारा पावशाही याच कुळातला. तोही आपली पिल्लं दुसऱ्याच्या घरट्यात वाढवतो.

तांबूस पंखांचा, काळा, कावळ्याएवढा पक्षी कुंपणाखाली चालताना दिसला तर तो भारद्वाज. दिसला की शुभ म्हणतात. शेतकऱ्याला तो शुभच आहे, कारण अळ्या, गोगलगायी आणि उंदरांची पिल्लं तो फस्त करतो.

टिटवीला मात्र आपण उगाच नावं ठेवतो. ती ओरडली की अपशकुन म्हणतो. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, खड्यांमध्ये, खड्यांच्याच रंगाची अंडी घालते. कुत्रं, साप किंवा माणूस त्या बाजूला आला की ती जिवाच्या आकांतानं ओरडते आणि आपल्याला दुसरीकडे न्यायला बघते. तो अपशकुन नव्हे, ती आईची हाक आहे. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली, की समजा आपण तिच्या अंड्यांजवळ आलोय. पायाखाली बघत आल्या वाटेनं माघारी फिरा.

आता धनेशाची गोष्ट ऐका. राखी रंगाचा, लांब शेपटीचा, मोठ्या वाकड्या चोचीचा हा पक्षी जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतो. मादी ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते, फक्त चोच जाईल एवढी फट ठेवते. अंडी उबवताना तिची पंखांची पिसंही गळतात, तिला उडता येत नाही. तेव्हा नर दिवसभर फळं आणि किडे आणून त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवतो. बाळंतपणात घरधन्यानं कसं वागावं याचा दाखला द्यायचा झाला तर धनेशाचा द्यावा! पण त्याला ढोलीचं मोठं, जुनं झाड लागतं. ते तोडलं की नवं झाड तेवढं व्हायला दोन पिढ्या जातात.

मातीवरच्या खुणा

जनावरं सहसा दिसत नाहीत, पण खुणा ठेवून जातात. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत किंवा वाटेवरच्या फुफाट्यात बघा. पंजाचा ठसा दिसला आणि बोटांपुढं नखं उमटली असतील, तर कुत्रा, कोल्हा किंवा लांडगा. नखं उमटली नसतील, तर मांजराच्या जातीचं जनावर, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. रानमांजराचा ठसा लहान, बिबट्याचा मोठा आणि गोलसर.

जमीन नांगरल्यासारखी उकरलेली असेल तर रानडुक्कर. काळी-पांढरी, सुईसारखी लांब काडी सापडली तर साळिंदराचा काटा. वाटाण्यासारख्या गोल कोरड्या लेंड्या सशाच्या.

वारूळ दिसलं की आपण नागाचं घर म्हणतो. वारूळ बांधते वाळवी. तिनं सोडलेल्या वारुळात मग साप, घोरपड, कुणीही राहायला येतं.

फेरीचा शेवट जवळच्या देवराईत करता आला तर उत्तम. भैरोबा, वाघजाई, काळूबाई अशा देवांच्या नावानं राखलेली ही रानं. कित्येक देवरायांत वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही असा दंडक आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून त्यांचा अभ्यास केला. आजूबाजूला झाडं तुटत गेली तरी देवाच्या नावावर ही रानं टिकली आणि त्यांच्यात जुनी झाडं, वेली राहिल्या, हे त्यांनी जगापुढं मांडलं. भर उन्हाळ्यात देवराईतला गारवा अंगाला लागतो. बऱ्याचदा तिथं झराही असतो. सावलीत पानांचा थर साठतो, तो पावसाचं पाणी धरून ठेवतो, आणि ते हळूहळू झिरपत राहतं.

तयारी काय करायची

पहाटे निघा. फाल्गुनात दिवस पावणेसात-सातच्या सुमाराला उगवतो. उजाडता उजाडता रानाच्या तोंडाशी असायला हवं, आणि नऊ-साडेनऊपर्यंत परत. नंतर ऊन चढतं आणि पाखरंही सावलीला जातात. चार-पाच किलोमीटर पुष्कळ झाले. कुठं पोचायची घाई नाही.

अंगावर सुती आणि फिक्या, मळकट रंगाचं काहीतरी. भडक लाल-पिवळं लुगडं पाखरांना लांबून दिसतं. बांगड्या किणकिणत असतील तर वर सरकवून रुमाल बांधा. पायात पाऊल झाकणारी चप्पल किंवा बूट, हातात काठी. प्रत्येकीजवळ लिटर-दीड लिटर पाणी. भाकरी, चटणी, गूळ-शेंगदाणे. कागद आणि प्लॅस्टिक रानात टाकायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

पुढं वाट माहीत असलेली, शेवटी चालायला दमाची बाई. मुलं मध्ये. निघताना घरी आणि पोलीस पाटलांना सांगून निघा. राखीव जंगलात किंवा अभयारण्यात जाणार असाल तर वनरक्षकाला आधी विचारा. बरेचदा तेच सोबत येतात आणि पुष्कळ माहिती देतात.

चार धोके नीट समजून घ्या.

पहिला, आग्या मोहोळ. कड्याला किंवा उंच झाडाला लोंबत असतं. त्याखाली थांबू नका, धूर करू नका, दगड मारू नका. त्या दिवशी अत्तर, वासाचं तेल, गजरा नको. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. पदरानं तोंड-डोकं झाकून तिथून लांब पळा, घरात किंवा गाडीत शिरा. डंख झटपट काढा. जास्त डंख असतील, चेहरा सुजला किंवा श्वास लागला, तर थेट दवाखाना.

दुसरा, साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे आपल्याकडचे चार मोठे विषारी. फुरसं दगडाखाली असतं, म्हणून दगड हातानं उचलू नका, कपारीत हात घालू नका. साप दिसला तर थांबा आणि त्याला जाऊ द्या. चावला तर ज्या हाता-पायाला चावला तो हलवू नका. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे न्यायचं नाही. बांगड्या, जोडवी काढा आणि १०८ ला फोन करून सरकारी रुग्णालयात न्या. सापाच्या विषावर औषध तिथंच असतं. गेलेला वेळ परत येत नाही.

तिसरा, बिबट्या. जुन्नर-आंबेगावच्या मैत्रिणींना हे नवं नाही. घोळक्यानं चाला, अंधारात एकटीनं झुडपाआड बसू नका. समोर आलाच तर पळू नका आणि खाली वाकू नका. मुलांना कडेवर घ्या, सगळ्या एकत्र उभ्या राहा, मोठ्यानं आवाज करत हळूहळू मागं सरका.

चौथा धोका उन्हाचा. डोकं दुखलं, गरगरलं, की सावलीत बसा, पाणी प्या. गरोदर बाई आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईनं आधी आशाताईंना विचारावं.

वणवा आणि आपला हंडा

याच दिवसांत डोंगरावर रात्री आगीच्या माळा दिसतात. वणवा आपोआप क्वचितच लागतो, बहुतेक वेळा लावला जातो. 'जुनं गवत जाळलं की नवं जोमानं येतं' असा समज आहे. कुठं मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग हाताबाहेर जाते. कुणी विडी टाकतं.

त्यात काय काय जळतं? टिटवीची, लाव्यांची, चंडोलाची जमिनीवरची अंडी. पावसाची वाट बघणारं बी. दोन-तीन वर्षांची रोपं. आणि मातीवरचं पाल्याचं पांघरूण. पांघरूण गेलं, की पहिल्याच वळवानं माती वाहून ओढ्यात, तळ्यात जाते. पाणी मुरायचं थांबतं. झरा मे महिन्यात आटायचा तो मार्चमध्ये आटतो. मग हंडा घेऊन दोन किलोमीटर जास्त कुणी चालायचं? बाईनंच. डोंगरावरची आग आणि आपल्या डोक्यावरचा हंडा यांचा असा सरळ संबंध आहे.

जंगलात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे. आग दिसली तर वनविभागाच्या १९२६ या मोफत क्रमांकावर कळवा. वनविभाग जाळरेषा काढतो, म्हणजे आग पुढं जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा पट्टा करतो. गावानं आपल्या गायरानाभोवती तसं केलं तर गुरांचा चाराही वाचतो. रानफेरीत कुठं जुनी जळकी जागा दिसली, तर शेजारच्या न जळलेल्या जागेशी ताडून बघा. दोन्हीकडची माती हातात घेऊन बघा. भाषणापेक्षा ते लवकर पटतं.

एक वही करा

परत आल्यावर गटाच्या वहीत लिहून ठेवा. पळस कधी फुलला, कोकिळा कधी बोलली, झऱ्याला पाणी किती. तिथी लिहा, पण शेजारी इंग्रजी तारीखही लिहा. होळी २०२४ साली २४ मार्चला होती, २०२५ साली १३ मार्चला. झाड तिथीवर चालत नाही, ऊन आणि ओलाव्यावर चालतं. तारीख असली की वर्षावर्षाचा ताळा घालता येतो. पाच वर्षांची अशी वही म्हणजे गावाचा मोठा ठेवा.

ही वही सरकारदरबारीही उपयोगी पडते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. गावातली झाडं, पाखरं, बियाणं आणि त्यांची माहिती यांची लोकजैवविविधता नोंदवही करणं हे तिचं काम. २००४ च्या नियमांनी या समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया ठेवल्या. तुमच्या गावात ही समिती आहे का, तिच्यात कोण बाया आहेत, नोंदवही कुठं आहे, हे ग्रामसभेत विचारा. कित्येकदा नावं कागदावर असतात आणि त्या बाईला पत्ताच नसतो. नोंदवही तालुक्याच्या कचेरीत बसून भरली, तर आपल्या शिवारातलं अर्धं राहून जातं. कुठली भाजी पहिल्या पावसात उगवते, कुठल्या झाडाचा पाला गाईला दूध वाढवतो, हे म्हाताऱ्या बायांना माहीत असतं, आणि त्यांच्याबरोबरच ते निघून जातं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावठी बियाणं जपलं आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बायकांच्या माहितीला किंमत आहे, ती फक्त सांगितली आणि लिहिली पाहिजे.

घरचं काय?

शेवटचा आणि सगळ्यात अवघड प्रश्न हाच. "सकाळच्या पारी बायका हिंडायला निघाल्या, घरचं कोण बघणार?" असं कुणीतरी म्हणणारच. त्यावर गटानंच तोड काढायची. निम्म्याजणी या रविवारी जातील, निम्म्या पुढच्या. राहिलेल्यांनी गेलेल्यांची लेकरं आणि धारा सांभाळायच्या. आदल्या रात्री भाकरीचं पीठ, पाणी भरून ठेवायचं. आणि घरातल्या पुरुषांनी एक दिवस चहा केला तर काही बिघडत नाही.

आत्याबाई नाराज असतील, तर त्यांनाच सोबत घ्या. तब्येत धड असेल तर त्यांच्याइतकी रानाची जाणकार दुसरी नाही. चार झाडांची नावं त्यांनी सांगितली, तरण्या पोरींनी ती वहीत लिहिली, की पुढच्या वर्षी त्याच विचारतील, "काय गं, कधी जायचं?"

आणि "काम काय होतं तिकडं?" असं कुणी विचारलं, तर बिनदिक्कत सांगा, "काम काही नव्हतं. बघायला गेलो होतो." गडी पारावर बसतो तेव्हा त्याला कुणी काम विचारत नाही. वर्षातनं एक सकाळ आपल्यालाही तेवढी मोकळीक असावी.

तर मैत्रिणींनो, पळस फुललेला आहे. येत्या बैठकीत हप्त्याचे पैसे मोजून झाले, की दिवस ठरवा आणि फेरी झाली की वहीतली दोन पानं आमच्या रेडिओ केंद्राला पाठवा. तुमच्या शिवारात काय दिसलं ते पुढच्या महिन्यात सगळ्याजणींना ऐकवू.